एकच मळा, तीन दवाखाने

मामाच्या नातीचा फोन आला तेव्हा आम्ही ओटीवर बसलो होतो. आषाढ संपत आलेला, लावणी उरकलेली, आणि पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात फोनवरचं अर्धं बोलणं वाहून जात होतं. नात कॅलिफोर्नियात वाढलेली. मराठी सगळं समजतं, बोलताना अडखळते. तिने आजोबांना सांगितलं ते एवढंच, की वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. पदवी ‘डीओ’, म्हणजे ऑस्टिओपॅथीची. आणि तिच्या जोडीने सार्वजनिक आरोग्याची ‘एमपीएच’ही ती करणार आहे.

मामाने तोंड भरून आशीर्वाद दिला, नीट जेवत जा म्हणाला, फोन ठेवला आणि माझ्या बहिणीकडे वळला. “अगो, ऑस्टिओपॅथी म्हणजे आपला हाडवैद्य ना?”

मामा बीएएमएस. हातखंब्याहून पालीकडे जाताना आत वळलं की लागणाऱ्या गावात त्याचा एकेचाळीस वर्षांचा दवाखाना आहे. बहीणही बीएएमएस. लांजा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात ती समुदाय आरोग्य अधिकारी आहे. लोक ‘सीएचओ मॅडम’ म्हणतात. तिनेही एमपीएचचा अर्ज भरून ठेवला होता आणि मामाला ते ठाऊक होतं. त्यामुळे विचारणा नातीबद्दल असली तरी रोख कुणाकडे आहे ते आम्हा तिघांनाही कळलं. मी डॉक्टर नाही. पण त्या संध्याकाळचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

“सुरुवात हाडवैद्यासारखीच झाली,” बहीण म्हणाली. “अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा अमेरिकेतला खेड्यापाड्यातला डॉक्टर. 1864 साली मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली. तेव्हाची औषधं म्हणजे पारा, अफू, दारू. त्यांच्यावरचा त्याचा विश्वास उडाला. शरीर एकसंध आहे, रचना बिघडली की काम बिघडतं, आणि बरं होण्याची ताकद शरीरातच असते, असं तो सांगायला लागला. 1892 साली मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात त्याने शाळा काढली.”

“हे तर आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात.”

“शिकवतात ना. पण पुढे तिथे वेगळं घडलं. आज अमेरिकेतला डीओ पूर्ण डॉक्टर असतो. औषधं देतो, शस्त्रक्रिया करतो, एमडीला जे जे करता येतं ते सगळं करतो. तिथे वैद्यक शिकणाऱ्या चार मुलांतलं जवळजवळ एक मूल आता डीओचं असतं. इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ मात्र डॉक्टर नव्हे, तो सांधे-स्नायूंपुरता. नाव एक, अर्थ दोन.”

मग तिने कॅलिफोर्नियाचीच गोष्ट सांगितली. 1962 साली तिथल्या ऑस्टिओपॅथांना एमडी संघटनेत सामील करून घ्यायचं ठरलं आणि 65 डॉलर भरून सुमारे दोन हजार डीओंनी आपली पदवी बदलून एमडी घेतली. नव्या डीओंना परवाने देणं राज्याने बंद केलं. बारा वर्षांनी, 1974 साली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते परवाने पुन्हा सुरू करायला लावले.

मामा यावर बराच वेळ बोलला नाही. बीएएमएस झालेल्या माणसाला या गोष्टीत काय लागतं ते मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं ज्याने गावाचे ताप काढले, बाळंतपणं केली, साप चावलेल्याला जीपमध्ये घालून रत्नागिरीला नेलं, त्यालाही शहरातला कुणी तरुण डॉक्टर ‘तुम्ही आयुर्वेदिकवाले’ म्हणून बाजूला सारतो. आपल्याकडेही होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम निघाला आणि त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही.

“मग माझं विचारणं हेच आहे,” मामा म्हणाला. “पहिली पदवी लोकांना कमी वाटते म्हणून तुम्ही पोरी दुसरी जोडता का? तसं असेल तर करू नका. दुसऱ्या पदवीने पहिलीचा मान वाढत नाही. पहिलीचा मान रोगी वाढवतो.”

“मला कमी वाटत नाही, मामा. मला अपुरी वाटते.”

“फरक काय?”

“कमी म्हणजे एमबीबीएसपेक्षा कमी. अपुरी म्हणजे एमबीबीएसवालाही तितकाच अपुरा. समोर आलेल्या माणसाचं काय करायचं एवढंच आपल्या दोघांनाही शिकवतात. जो आलाच नाही त्याचं काय, हे कुणी शिकवत नाही.”

“शिकवत नाही कसं? स्वस्थवृत्त काय होतं? चरकातलं विमानस्थान काय होतं?”

मला वाटलं मामाने तिला पकडलं. पण ती जणू याचीच वाट बघत होती.

“विमानस्थानाचा तिसरा अध्याय. जनपदोद्ध्वंसनीय. पुनर्वसू आत्रेय गंगेकाठी कांपिल्यात शिष्यांना घेऊन फिरताहेत. अग्निवेश त्यांना विचारतो, की माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, बळ वेगळं. मग सगळी एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात? आपण अख्खं शास्त्र शिकतो ते प्रत्येकाची प्रकृती वेगळी म्हणून. आणि त्याच ग्रंथात एक शिष्य उठून विचारतो, की वेगळी असूनही एकच रोग कसा? आत्रेय सांगतात, वायू, पाणी, देश आणि काल या चार गोष्टी सगळ्यांना सारख्या असतात, त्या बिघडल्या की असं होतं. माझी दुसरी पदवी म्हणजे अग्निवेशाचा हा एक प्रश्न आहे. दोन वर्षं फक्त तोच विचारायचा.”

“आणि उत्तराचा पुढचा भाग विसरलीस,” मामा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण शिकवणाऱ्याचा झाला होता. “वायू-पाणी बिघडतं कशाने? अधर्माने. देशाचे, नगराचे प्रमुख धर्म सोडतात, खालचे त्यांच्या मागून जातात, मग पाणी बिघडतं. हे बघ, माझ्या गावातल्या विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पडत नाही, हे मला पदवीशिवाय कळतं. जलसुरक्षकाला कळतं. ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं, सगळ्या गावाला दिसतं. कळण्यावाचून काही अडलेलं नाही गो. करायला माणूस नाही. तू एमपीएच होऊन आलीस तरी पावडर टाकायला सरपंचालाच सांगणार ना?”

हे मला पटलं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत खेड, चिपळूण, संगमेश्वरातल्या डोंगरवाड्यांना टँकर लागतो. पाणी जांभ्यातून निथळून समुद्राला जातं. कारण सगळ्यांना माहीत आहे. टँकर दर वर्षी येतो.

मामाने आणखी एक दाखला दिला आणि तो दुखरा होता. मुंबईचे प्लास्टिक सर्जन नोशीर अँटिया. कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात सरळ करता करता त्यांना कळलं की हा रोग शस्त्रक्रियेच्या टेबलावर संपणार नाही. 1970च्या दशकात त्यांनी अलिबाग तालुक्यात मांडव्याला गावातल्या बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं. शाळेत फारशा न गेलेल्या बायका क्षयाची, कुष्ठाची औषधं द्यायला लागल्या. काम चाललं, आणि चाललं म्हणूनच अडचण झाली. स्थानिक सत्ताधाऱ्यांना ते खुपलं आणि प्रकल्प गुंडाळावा लागला.

“एवढा मोठा माणूस. त्याला कुठे कमी ज्ञान होतं?” मामा म्हणाला. “म्हणून म्हणतो, दोन दगडांवर पाय ठेवू नको. एका जागी बस. तुझ्याकडे येणाऱ्याला तू रोज दिसायला हवीस.”

मामी पेज आणि भाजलेल्या आठळ्या घेऊन आली. मामाचा पवित्रा तोवर ठरला होता. आता तो बावस्करांवर येणार हे मला माहीत होतं, कारण कोकणातला प्रत्येक जुना डॉक्टर अशा वेळी बावस्करांवर येतो. तसं त्याने यावंही. त्या माणसाचं कामच तसं आहे.

1976 साली हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत मरत होती. पुस्तकांत त्याविषयी फारसं काही नव्हतं. ते रोग्याच्या खाटेपाशी रात्रभर बसले, घाम, नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. मृत्यू फुप्फुसात पाणी भरून येतो हे त्यांनी पाहिलं, आणि पुढे रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध दिलं. ‘लॅन्सेट’मध्ये 1982 साली त्यांचं लिखाण आलं. शंभरातले तीस-चाळीस रोगी जायचे, ते प्रमाण जेमतेम एकावर आलं. 2022 साली पद्मश्री मिळाली.

“त्यांच्याकडे होतं का एमपीएच? त्यांच्याकडे डोळे होते. आणि बसायची तयारी होती.”

“खरं आहे,” बहीण म्हणाली. “ते बसले हे खरं, पण दर वेळी लिहीत बसले. किती वाजता चावला, किती वाजता आला, किती वाजता घाम सुटला. तू बसलास, मामा. तू लिहिलंस का?”

मामाने आठळी सोलली आणि उत्तर दिलं नाही. या प्रश्नाकडे ते दोघं पुन्हा कसे आले ते पुढे सांगतो.

ती अभय आणि राणी बंग यांच्यावर आली. दोघंही आधी पक्के डॉक्टर. ते मेडिसिनचे, त्या स्त्रीरोगांच्या. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अभय बंग वर्ध्याच्या परिसरात काम करत होते. शेतमजुराचं किमान वेतन दिवसाला चार रुपये ठरलं होतं. ज्या समितीच्या अहवालावरून ते ठरलं त्यातला हिशेब त्यांनी तपासला, चुका दाखवल्या, आणि दर बारा रुपये झाला. एका हिशेबाने इतक्या घरांतली चूल बदलते हे पाहिल्यावर, संशोधन नीट शिकायला हवं म्हणून दोघं बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये एमपीएच करायला गेले. 1984 साली परत आले आणि गडचिरोलीत राहिले.

“परत आल्यावर राणीताईंनी काय केलं?” बहीण म्हणाली. “दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या. नुसत्या दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावातल्या. शंभरातल्या ब्याण्णव जणींना कसला ना कसला स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आता तू सांग, मामा. तुझ्या दवाखान्यात अंगावरून पांढरं जातं असं सांगत किती बायका येतात?”

“येतात. महिन्याला दोन-तीन.”

“दोन-तीनच. तुझ्या हातात गुण आहे, तुझ्यावर विश्वास आहे, चाळीस वर्षं तू त्यांना आपला वाटतोस. तरी दोन-तीन. बाकीच्या कुठे आहेत हे तुझ्या खुर्चीवरून दिसत नाही. माझ्याही दिसत नाही. खुर्चीचा दोष आहे तो, माणसाचा नव्हे.”

मामी दारात उभी होती. ती म्हणाली, “बायका मला सांगतात. त्याला नाही सांगत.” आणि आत गेली. मला वाटतं त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा पुरावा मामीने दिला आणि आम्ही त्यावर थांबलोसुद्धा नाही.

बंगांच्या नवजात बाळांच्या कामाबद्दल मामाला माहिती होती. 39 गावांत गावातल्याच बाईला शिकवून तिने घरी जाऊन बाळ बघायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. शेजारच्या, तसं काम नसलेल्या गावांशी ताडून पाहिलं तर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले होते. हा अहवाल 1999 सालचा. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या फेऱ्या मारतात त्या यातूनच आल्या आहेत, 2011पासून देशभर.

“ते मला मान्य आहे,” मामा म्हणाला. “पण एक सांगतो, रागावू नको. बंग गडचिरोलीत राहिले. आरोळे नवरा-बायको जामखेडला राहिले. तुझ्या बरोबरीची जी एमपीएच झालेली मुलं आहेत ती कुठे राहिली? पुणं, दिल्ली. एसीत बसून आमचे आकडे बघतात. माझा आक्षेप पदवीला नाहीच. पदवी माणसाला उचलून नेते, याला आहे. डोंगरावरच्या धनगरवाडीवरून पावसात रोगी डोलीतून खाली आणावा लागतो. खाली आणल्यावर तिथे कुणी हवा ना? तुझं उपकेंद्र डोंगराळ भागातलं, तीन हजार माणसांसाठी. तू दोन वर्षं गेलीस तर त्या तीन हजारांचं कोण?”

याला बहिणीकडे सोपं उत्तर नव्हतं आणि तिने दिलंही नाही. ती कंत्राटावर आहे. गेल्यावर तीच जागा परत मिळेल याची कसलीच खात्री नाही. एमपीएच झालेल्यासाठी तालुक्यात वेगळी जागाही नाही. सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र केडर असावं असं 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलेलं आहे. लांज्यात ते अजून पोचलेलं नाही. अमेरिकेतल्या नातीला चार वर्षांच्या डीओत साधारण एक वर्ष मिळवलं की दोन्ही पदव्या एकाच आवारात मिळतात. इथे एक सोडून दुसरी धरावी लागते. मामाची बाजू या ठिकाणी मला सगळ्यात जड वाटली, आणि अजूनही वाटते.

“आरोळ्यांचं नाव तू काढलंस म्हणून सांगते,” ती शेवटी म्हणाली. “ते दोघंही वेल्लोरचे डॉक्टर. जॉन्स हॉपकिन्समध्ये एमपीएच केलं आणि 1970 साली जामखेडला आले. लोकांना काय हवं होतं? औषध, ऑपरेशन. आरोळे ऑपरेशन करत होते म्हणून लोकांनी त्यांचं पाण्याबद्दलचं ऐकलं. नुसता आकड्यांचा माणूस आला असता तर त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. आणि नुसतं ऑपरेशन करणारा असता तर बोअर दलितवस्तीत पाडून घेतली नसती. सगळ्या गावाला पाण्याला तिथे जावं लागलं. यात शस्त्रक्रिया किती आणि सार्वजनिक आरोग्य किती, तू वेगळं करून दाखव.”

“मी दाखवत नाही. मी म्हणतो, तसली माणसं पदवीने होत नाहीत.”

“नाही होत. पण त्या माणसांनीही पदवी घेतली, मामा. फुकट नाही घेतली.”

पाऊस थोडा उघडला. मळ्यातून बेडकांचा आवाज वर आला. तेव्हा ती म्हणाली, “एक गोष्ट मी तुला वर्षभर सांगितली नाही.”

गेल्या श्रावणातली. तिच्या हद्दीच्या टोकाला, दोन तालुक्यांच्या शिवेवरची वाडी. चौतिसाव्या वर्षी एक माणूस गेला. ताप आला तेव्हा लावणीचा शीण समजून त्याने दुकानातून गोळी आणून घेतली. सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. कोल्हापूरला नेताना आंबा घाटाच्या वर संपला. मृत्यूची नोंद करायला बहीण त्या घरी गेली. लेप्टो, म्हणजे मळ्याच्या चिखलातून लागणारा ताप, असणार हा अंदाज होताच. तिने घरच्यांना विचारलं, कुठल्या मळ्यात लावणी केली? मळा त्याचा नव्हताच. त्या वाडीत एकमेकांच्या मळ्यात आळीपाळीने जाऊन लावणी करतात. ओढ्याकडेचा, गुरं बांधतात त्या गोठ्याचं पाणी जिथे उतरतं तो मळा. तिथे त्या दिवशी आणखी कोण होतं, असं ती विचारत गेली. त्याच्यासकट अकरा माणसं होती. त्यांतल्या आणखी तिघांना ताप येऊन गेला होता, हा चौथा माणूस मरण्याआधीच. एक लांज्याला खासगी दवाखान्यात गेला. एक रत्नागिरीला. एक पालीच्या बाजूला.

“पालीच्या बाजूला म्हणजे तुझ्याकडे,” ती म्हणाली.

मामाने तिच्याकडे बघितलं. “उंच, घोगऱ्या आवाजाचा? पोटऱ्या धरून आला होता?”

“तोच.”

“तो बरा झाला.”

“झाला. तू त्याला बरं केलंस. डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, हे बघितल्या बघितल्या तू डॉक्सिसायक्लिन सुरू केलंस. तुझं निदान बिनचूक होतं. लांज्याच्या डॉक्टरांचंही होतं. रत्नागिरीच्यांचंही. तिघांनीही आपापला रोगी वाचवला. पण तिघांच्या दारात एकेक गेला, म्हणून तिघांनाही एकच ताप दिसला. साथ कुणालाच दिसली नाही. कुणी एकाने विचारलं असतं की बाबा, कुठल्या मळ्यात होतास, तर उरलेल्या आठांना तेव्हाच गोळी गेली असती. चौथ्याला ताप चढायच्या आधी.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मी मामाकडे बघायचं टाळलं.

मग मामा सावकाश म्हणाला, “आणि मी विचारलं असतं, तर सांगणार कुणाला होतो? चाळीस वर्षांत, डॉक्टर, या आठवड्यात ताप किती आले, असं विचारायला माझ्या पायरीवर एक माणूस चढलेला नाही. औषधांचे एजंट येतात. मतं मागायला येतात. तू माझी भाची. तूही नाही विचारलंस.”

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “मला ते सुचायलाच कुणीतरी मरावं लागलं. म्हणून जायचंय मला. मेल्यावर जे सुचलं ते आधी कसं सुचावं, हे कुठेतरी शिकवतात.”

मी मामाला आठवण करून दिली, की 2020च्या मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी परतायला लागले तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत कुणाला कुठे ठेवायचं याची यादी त्यानेच भिंतीवर लावली होती. कोण कुठल्या भागातून आला, कुठल्या गाडीने, गाडीत बरोबर कोण. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

“ते दिसत होतं रे,” मामा म्हणाला. “गाडीतून उतरताना दिसत होतं. मळ्यातलं दिसत नाही.”

“दिसतं,” बहीण म्हणाली. “सिंधुदुर्गात 2016 साली दोडामार्गाकडे माकडताप आला तेव्हा आधी माकडं मेली होती. मग काजूच्या बागेत काम करणारी माणसं तापाने पडली. रोग्याला कितीही तपासलं तरी माकड दिसत नाही. त्याला विचारावं लागतं. आणि नुसतं माकड मोजणाऱ्याला ताप ओळखता येत नाही. दोन्ही एकाच डोक्यात असलेलं बरं.” मग एकदम तिने विचारलं, “मामा, तुझ्या जुन्या वह्या आहेत ना? रोग्यांच्या?”

उत्तर आतून मामीने दिलं. “त्या बंबात गेल्या.”

दर चार-पाच वर्षांनी वह्यांचा गठ्ठा व्हायचा. पावसाळ्यात लाकडं ओली असतात, पेटवणाला कागद लागतो.

“त्यात होतं काय?” मामा म्हणाला. “नाव, वय, वाडी, काय होतंय, दिलं काय, घेतलं काय.”

“वाडी लिहायचास?”

“लिहावीच लागते. एका नावाची पाच माणसं असतात.”

बहिणीने डोळे मिटून घेतले. एकेचाळीस वर्षं, रोजची तारीख, आणि वाडीचं नाव.

मामाने तिच्या पर्समधून डोकावणारं पेन स्वतःच ओढलं आणि तिच्या हातात दिलं. “लिही,” म्हणाला. “मला आठवतात.” आणि तो तापाचे रोगी सांगायला लागला. ज्या वर्षी पूल वाहून गेला त्या वर्षीचा बौद्धवाडीतला. मामीच्या मंगळागौरीच्या वर्षीची वरच्या वाडीतली दोघं, दीर-भावजय. पोस्टमनचा भाऊ. ती लिहीत गेली, नाव नको, फक्त वाडी आणि साल. अकरा झाले तेव्हा तिने हात थांबवला.

“मामा, हे सगळे गेलेले आहेत.”

तो विचारात पडला. “बरे झालेले आठवत नाहीत गो. ते परत सांगायला येत नाहीत ना.”

“मग किती जणांतले अकरा, ते कळणार नाही.”

“नाही कळणार.”

तरी तिने कागद ठेवून दिला नाही. पुन्हा वरपासून सुरुवात केली. महिना कुठला ते विचारलं. नऊ जण लावणीनंतरचे निघाले. दोघं कापणीच्या वेळचे, दसऱ्याच्या पुढेमागे. तिने त्या दोघांभोवती गोल केला.

“हे लेप्टो नसतील कदाचित. कापणीला गवतात बसतात, चिखलात नाही. तेव्हाचा ताप स्क्रब टायफसचाही असतो. बारीक किडा चावतो, चावल्या जागी काळी खपली धरते, विडीने भाजल्यासारखी. यांच्या अंगावर होती का कुठे?”

“कुठे असते?”

“काखेत, जांघेत, छातीच्या खाली. कपड्याआड.”

मामाने चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. “बायकांच्या कपड्याआड मी कधी बघितलं नाही,” तो म्हणाला. “ती दोघं म्हणजे बायकाच होत्या.”

मामी आतून आली, कागद हातात घेतला आणि गोल केलेल्या दोन ओळी वाचल्या. “ह्यातल्या खालच्या वाडीतलीला मी आंघोळ घातली होती, शेवटची,” ती म्हणाली. “खपली होती. डाव्या काखेत.”